शून्य बाइटची फाइल : हरवलेल्या सेटिंग्जचा इतिहास (दीर्घ धागा)

जानेवारी २००९. उबुंटू या लिनक्स वितरणाची ‘जॉन्टी’ नावाची आवृत्ती अजून चाचणीच्या टप्प्यावर होती. एका वापरकर्त्याने ती नव्या डिस्कवर बसवली आणि आपला सारा डेटा एक्स्ट४ या नव्याकोऱ्या फाइल सिस्टीमवर ठेवला. एके दिवशी वीज गेली. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर त्याला दिसले, की कामाच्या वेळेची नोंद ठेवणाऱ्या केटाइमट्रॅकर या प्रोग्रामची सेटिंग्जची फाइल जागेवर आहे, नावही तेच आहे. मात्र तिचा आकार शून्य बाइट आहे.

काही दिवसांनी तो बायॉसशी खटपट करीत असताना डेस्कटॉप उघडल्याबरोबर संगणक कोसळला. या वेळी नुकसान एका फाइलपुरते राहिले नाही. त्या सत्रात प्रोग्रामांनी ज्या ज्या फाइली लिहिल्या होत्या, त्यांतील जवळजवळ प्रत्येक फाइल रिकामी झाली होती. डेस्कटॉपची मांडणी मूळपदावर आली होती आणि मायएसक्यूएलचे काही डेटाबेसही गेले होते.

त्याने ही हकिकत उबुंटूच्या तक्रारनोंदीत लिहिली. नोंद क्रमांक ३१७७८१. पुढील दोन महिन्यांत या एका नोंदीवरून जो वाद उसळला, त्यात लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारी मोठमोठी मंडळी उतरली. प्रश्न वरवर क्षुल्लक होता : वापरकर्त्याची सेटिंग्जची फाइल सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कोणाची?

या प्रश्नाला मोठी पूर्वपीठिका आहे, म्हणून थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

सेटिंग्जची फाइल आकाराने लहान असते. तिच्यात छायाचित्रे नसतात, हस्तलिखिते नसतात, हिशोबही नसतात. तिच्यात असतात त्या माणसाने वर्षानुवर्षे केलेल्या बारीकसारीक निवडी : अक्षरांचा आकार, खिडक्यांच्या जागा, पत्रव्यवहाराच्या खात्यांचे तपशील, कळफलकाची भाषा. यांतील एकही गोष्ट कोणी कागदावर लिहून ठेवत नाही. त्यामुळे ती फाइल गेली, की नेमके काय गेले याची यादीसुद्धा हाताशी उरत नाही.

युनिक्सच्या जगात अशा फाइलींचा जन्म एका चुकीतून झाला. बेल लॅब्जमध्ये काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये ती हकिकत सांगितली. आरंभीच्या युनिक्समध्ये प्रत्येक डिरेक्टरीत ‘.’ आणि ‘..’ अशा दोन नोंदी असत. पहिली त्याच डिरेक्टरीची, दुसरी तिच्या वरच्या डिरेक्टरीची. यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेत त्या दोन नोंदी दिसू नयेत म्हणून कोणीतरी सोपी तपासणी घातली : नावाचे पहिले अक्षर टिंब असेल, तर ते नाव वगळावे. दोनच नावे लपवायची होती. पण टिंबाने सुरू होणारे प्रत्येक नाव लपू लागले. मग प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी त्या आडोशाचा फायदा घेतला आणि वापरकर्त्याच्या घरडिरेक्टरीत आपापल्या टिंबफाइली ठेवण्याचा प्रघात पडला. पाइक यांच्या मते ही चूकच होती. तथापि ती आता पन्नास वर्षांची परंपरा झाली आहे.

मायक्रोसॉफ्टच्या घरी गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या विंडोज १.० सोबत ‘विन.आयएनआय’ नावाची साधी मजकुराची फाइल होती. चौकटी कंसात विभागाचे नाव, खाली एकेका ओळीत ‘अमुक = तमुक’ अशी रचना. ती बिघडली तर उपायही तितकाच साधा : नोटपॅडमध्ये उघडावी, वेडीवाकडी ओळ शोधावी, दुरुस्त करावी. माणसाच्या डोळ्यांना वाचता येणारी फाइल माणसाच्या हाताने सुधारता येते. हा गुण पुढे फार आठवला गेला.

पण या फाइलीला ६४ किलोबाइटची मर्यादा होती आणि वाटेल तो प्रोग्राम तिच्यात वाटेल ते लिहीत असे. शिवाय एका संगणकावर दोन माणसे बसत असतील, तर त्यांच्या निवडी वेगळ्या ठेवण्याची सोय त्या रचनेत नव्हती. चावडीवर एकच वही आणि सगळ्या गावाने तीत खरडावे, असा तो प्रकार होता.

जुलै १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ आली. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीतून आलेल्या डेव्हिड कटलर यांच्या चमूने तिची रचना केली होती आणि ती आरंभापासून अनेक वापरकर्त्यांसाठी होती. तिच्यात सेटिंग्ज ठेवण्यासाठी ‘रजिस्ट्री’ नावाचे स्वतंत्र भांडार होते. रजिस्ट्रीच्या फाइलीला ‘हाइव्ह’ म्हणजे मधमाश्यांचे पोळे म्हणतात. या नावाची गंमत मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी पुढे सांगितली : एनटीच्या मूळ चमूतील एकाला मधमाश्यांचा तिटकारा होता, म्हणून रजिस्ट्री लिहिणाऱ्याने मुद्दाम जमतील तितकी मधमाश्यांची नावे पेरली. फाइल म्हणजे पोळे आणि तिच्यातील माहितीचा कप्पा म्हणजे ‘सेल’, पोळ्यातले घर.

चेष्टेत ठेवलेल्या या नावांमागील रचना मात्र विचारपूर्वक केलेली होती. हाइव्हच्या अगदी आरंभी ‘आरईजीएफ’ ही चार अक्षरे असतात आणि लगेच पुढे दोन क्रमांक असतात. फाइलीत बदल लिहायला घेताना पहिला क्रमांक वाढवायचा आणि सारे लिहून झाल्यावर दुसरा. संगणक सुरू होताना दोन्ही क्रमांक सारखे दिसले, तर फाइल पूर्ण आहे. वेगळे दिसले, तर लेखणी मध्येच थांबली होती. अशा वेळी सोबतच्या ‘लॉग’ फाइलीतून अर्धवट राहिलेले काम पुरे करायचे, कारण प्रत्येक बदल मूळ फाइलीत जाण्यापूर्वी त्या लॉगमध्ये उतरवलेला असतो.

पेशवे दफ्तराशी परिचय असलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. दिवसाचा प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत चढायचा आणि मग तेथून खतावणीत त्या त्या खात्यावर जायचा. खतावणीचे पान फाटले किंवा चढवायचे राहिले, तर कीर्द उघडून ते पुन्हा भरता येई. संगणकशास्त्रात याला ‘जर्नलिंग’ म्हणतात. जर्नल या इंग्रजी शब्दाचा जमाखर्चातील अर्थही कीर्दच आहे.

१९९६च्या एनटी ४.० पासून प्रत्येक वापरकर्त्याचे पोळे त्याच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये ‘एनटीयूझर.डॅट’ या नावाने राहू लागले. आजही विंडोज संगणकावर ही फाइल लपलेल्या अवस्थेत असते. कळफलकाच्या भाषांची निवडही तिच्यातच असते. मराठीसाठी देवनागरी कळफलक बसवून घेतलेला माणूस एखाद्या सकाळी पाहतो, की भाषापट्टीवर इंग्रजीशिवाय काहीच नाही. त्यामागे पुष्कळदा हीच फाइल असते.

घरगुती संगणकांना मात्र एनटीची शिस्त फार उशिरा लाभली. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ मध्येही रजिस्ट्री होती. पण तिची बांधणी निराळी आणि कच्ची होती. ‘सिस्टम.डॅट’ आणि ‘यूझर.डॅट’ या दोन फाइलींवर सारा डोलारा उभा होता. खबरदारी म्हणून संगणक नीट सुरू झाला, की त्यांची एकेक प्रत ‘.डीए०’ या शेपटासह ठेवली जाई. यातली उणीव लवकरच लक्षात आली. बिघाड बारीक असेल, संगणक कसाबसा सुरू होत असेल, तर ती बिघडलेली अवस्थाच ‘नीट’ समजून प्रत घेतली जाई आणि शेवटची चांगली प्रत पुसली जाई.

विंडोज ९८ने हे सुधारले. दिवसातून एकदा, पहिल्यांदा संगणक सुरू होताना, ‘स्कॅनरेज’ नावाचा प्रोग्राम रजिस्ट्री तपासायचा आणि तिची आवळून बांधलेली प्रत ठेवायचा. अशा पाच प्रती असत. सहावी आली, की सर्वांत जुनी जाई. डॉसच्या काळ्या पडद्यावर ‘स्कॅनरेज’पुढे तिरपी रेघ आणि ‘रिस्टोअर’ असे लिहिले, की तारखांसह यादी दिसे आणि त्यातला एक दिवस निवडता येई. त्या काळात संगणक दुरुस्त करणाऱ्यांना ही आज्ञा तोंडपाठ असे. एका प्रतीऐवजी पाच दिवसांच्या प्रती, एवढ्या फरकाने किती घरांतले संगणक पुन्हा फॉरमॅट होण्यापासून वाचले असतील!

२००१च्या विंडोज एक्सपीने एनटीचा पाया घरोघरी नेला. आता हाइव्हला लॉगचे संरक्षण होते. पण लॉग वाचवतो तो लिहिताना वीज गेली तर. डिस्कचा तुकडाच खराब झाला, किंवा सदोष मेमरीमुळे चुकीचा मजकूर व्यवस्थित लिहिला गेला, तर लॉगही निरुपयोगी. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘सिस्टम’ ही फाइल गहाळ वा खराब असल्याची सूचना येई आणि संगणक तेथेच थांबे.

मायक्रोसॉफ्टने त्यावर सांगितलेला उपाय वाचण्याजोगा आहे. विंडोजची सीडी घालून रिकव्हरी कन्सोल उघडावा. बिघडलेली पाचही पोळी बाजूला ठेवून त्यांच्या जागी ‘रिपेअर’ फोल्डरमधील प्रती ठेवाव्यात. या प्रती विंडोज बसवले त्या दिवशीच्या. म्हणजे संगणक सुरू होतो, पण त्याला त्या दिवसानंतरचे काहीच आठवत नाही. मग त्या विस्मृत अवस्थेतच ‘सिस्टम रिस्टोअर’च्या लपवलेल्या फोल्डरात जाऊन अलीकडच्या तारखेची पोळी शोधावीत, त्यांची लांबलचक नावे बदलावीत आणि पुन्हा कन्सोलमधून ती जागेवर ठेवावीत. वापरकर्त्यांच्या एनटीयूझर.डॅटच्या प्रतीही त्याच फोल्डरात सापडत. एकूण प्रकार असा, की घरात शिरण्यासाठी आधी जुनी किल्ली वापरायची आणि आत गेल्यावर नवी शोधायची.

केवळ वापरकर्त्याचे पोळे बिघडले असेल, तर अनुभव आणखी चमत्कारिक असतो. संगणक सुरू होतो, पासवर्डही स्वीकारतो. पण समोर येतो तो परका, कोरा डेस्कटॉप. विंडोजने ‘तात्पुरती प्रोफाइल’ उघडलेली असते. कागदपत्रे डिस्कवर सुखरूप असतात, तरीही माणसाला वाटते की सर्वस्व गेले. घाबरून तो त्या तात्पुरत्या घरातच नवे काम सुरू करतो आणि बाहेर पडताच ते पुसले जाते. खरे नुकसान पुष्कळदा या दुसऱ्या टप्प्यात होते.

अशा वेळचा रूढ उपाय म्हणजे दुसरे खाते उघडून जुन्या प्रोफाइलमधील सारे तिकडे उतरवणे. त्यातून तीन फाइली मात्र वगळायच्या : एनटीयूझर.डॅट, तिचा लॉग आणि एनटीयूझर.आयएनआय. आजार ज्यात आहे तेच नव्या घरात नेऊ नये, हा त्यामागचा विचार. म्हणजे कागदपत्रे वाचली, पण निवडी गेल्या.

त्या निवडीही परत मिळवता येतात का? काही अंशी येतात, आणि याचे श्रेय पोळ्याच्या रचनेला आहे. प्रत्येक घराच्या आरंभी त्याचा आकार लिहिलेला असतो. तो आकडा ऋण असेल तर घर वापरात आहे, धन असेल तर रिकामे. घर रिकामे केले तरी त्यातला मजकूर लगेच पुसला जात नाही. पुढे कोणी ती जागा घेईपर्यंत तो तसाच पडून राहतो. अनुक्रमणिका तुटली, तरी एकेक घर स्वतःची लांबी स्वतः सांगते, म्हणून सुरुवातीपासून चालत जाऊन सुटे मजकूर गोळा करता येतात. टिमथी मॉर्गन यांनी २००८ मध्ये डिजिटल न्यायवैद्यकाच्या परिषदेत या पद्धतीवर निबंध मांडला. तेव्हापासून पुसलेल्या नोंदी वाचण्याची ही विद्या गुन्हेतपासातही रुळली.

आता पुन्हा २००९ कडे.

लिनक्सच्या जगात सेटिंग्ज अजूनही असंख्य लहान लहान मजकूरफाइलींत विखुरलेल्या होत्या. केडीई आणि ग्नोम या डेस्कटॉपांनी घरडिरेक्टरीत शेकडो फाइलींचा संसार थाटला होता. त्यांतील पुष्कळशा फाइली प्रत्येक वेळी डेस्कटॉप सुरू होताना नव्याने लिहिल्या जात, त्यांत काही बदल असो वा नसो. लॉगिननंतर लगेच संगणक कोसळला तर एवढा अनर्थ का झाला, त्याचा एक धागा येथे आहे.

फाइल नव्याने लिहिण्याच्या दोन रीती होत्या. पहिली भाबडी : जुनी फाइल उघडायची, तिचा मजकूर पुसायचा, नवा लिहायचा. पुसणे आणि लिहिणे यांच्या मध्ये वीज गेली, तर हाती काहीच नाही. दुसरी रीत जाणत्यांची : नवा मजकूर वेगळ्या नावाच्या फाइलीत लिहायचा आणि पूर्ण झाल्यावर ‘रीनेम’ करून तिला जुन्या फाइलीचे नाव द्यायचे. नाव बदलणे ही अखंड क्रिया. एक तर पूर्ण जुने राहील किंवा पूर्ण नवे येईल. जुना कागद फाडण्यापूर्वी नवी प्रत तयार ठेवणाऱ्या कारकुनाची ही शिस्त होती. ज्यांच्या सेटिंग्ज २००९ मध्ये उडाल्या, त्यांचे कित्येक प्रोग्राम ही दुसरी रीत पाळत होते. तरीही फाइली शून्य झाल्या.

याचे कारण एक्स्ट४च्या एका नव्या गुणात होते. तिची पूर्वज एक्स्ट३ ही २००१ पासून लिनक्सच्या गाभ्यात होती. तिच्या नेहमीच्या पद्धतीत दर पाच सेकंदांनी कीर्द पक्की होई आणि त्याआधी संबंधित फाइलींचा मजकूर डिस्कवर उतरवला जाई. म्हणजे ‘या नावाची फाइल आता ही’ अशी नोंद पक्की होण्यापूर्वी त्या फाइलीत मजकूर असणारच. हे संरक्षण अशा कामासाठी मुद्दाम दिलेले वचन नव्हते. रचनेच्या ओघात ते मिळत होते. आठ वर्षे ते मिळत राहिले आणि एक पिढी त्याच्या भरवशावर प्रोग्राम लिहू लागली.

एक्स्ट४ने ‘विलंबित जागावाटप’ आणले. प्रोग्रामने मजकूर दिला, की डिस्कवरची जागा लगेच ठरवायची नाही. थोडे थांबायचे, मजकूर साठू द्यायचा आणि मग सलग मोठी जागा एकदम द्यायची. यामुळे वेग वाढतो आणि तुकडे कमी पडतात. सिलिकॉन ग्राफिक्सच्या एक्सएफएस या फाइल सिस्टीममध्ये ही युक्ती १९९०च्या दशकापासूनच होती, आणि संगणक कोसळल्यावर फाइलींत शून्ये सापडण्याची कुख्यातीही तिच्याच वाट्याला आली होती.

परिणाम असा झाला, की नाव बदलल्याची नोंद कीर्दीत पाच सेकंदांत पक्की होई, पण खुद्द मजकुराला जागा मिळण्यास अर्धे मिनिट किंवा त्याहून अधिक लागे. त्या मधल्या काळात वीज गेली, की जुनी फाइल गेलेली आणि नवी अजून आलेली नाही. खतावणीत खाते नव्या मालकाच्या नावे झाले, पण वाड्यात कोणीच राहायला आले नाही. त्यातच त्या काळचे काही ग्राफिक्स ड्रायव्हर संगणकाला वरचेवर कोसळवीत. एरवी क्वचित घडणारी गोष्ट त्यामुळे नित्याची झाली.

एक्स्ट४ची जबाबदारी सांभाळणारे थिओडोर त्सो यांनी मार्च २००९ च्या पहिल्या आठवड्यात त्याच नोंदीखाली सविस्तर उत्तर लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पॉझिक्स हे प्रमाणक ‘रीनेम’ची अखंडता सांगते ती चालू संगणकावरच्या इतर प्रोग्रामांच्या दृष्टीने, संगणक कोसळल्यावर काय उरेल याविषयी ते वचन देत नाही. मजकूर खरोखर डिस्कवर गेलाच पाहिजे, अशी इच्छा असेल तर ‘एफसिंक’ ही आज्ञा वापरावी; ती त्यासाठीच आहे. शेकडो चिमुकल्या फाइली सतत लिहीत राहण्यापेक्षा डेस्कटॉपने एसक्यूलाइटसारखा छोटा, नीट बांधलेला डेटाबेस वापरावा, असाही सल्ला त्यांनी दिला.

तर्क बिनतोड होता. पण एफसिंक का वापरले जात नव्हते, याला इतिहास होता. आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, फायरफॉक्स ३ येण्याच्या सुमारास लिनक्सवर तो अडखळतो अशी ओरड झाली होती. तपासात दिसले, की फायरफॉक्स आपला इतिहास जपण्यासाठी वारंवार एफसिंक करतो, आणि एक्स्ट३ अशी विचित्र, की एका फाइलीसाठी एफसिंक मागितले तर इतरांचाही साठलेला मजकूर त्याबरोबर लिहून काढते. एका पानाची नोंद जपण्यासाठी सारा संगणक थांबे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी त्यातून घेतलेला धडा स्पष्ट होता : एफसिंकच्या वाटेला जाऊ नये. ज्या फाइल सिस्टीमने एफसिंकची भीती घातली, तिच्याच वारसदाराने आता एफसिंक न केल्याचा ठपका ठेवला.

लिनस टॉरवाल्ड्स यांनीही या वादात फाइल सिस्टीमकारांना धारेवर धरले. मजकुरापूर्वी त्याची नोंद पक्की करणे त्यांना मुळातच मान्य नव्हते. प्रमाणक काय म्हणते यापेक्षा वापरणाऱ्याच्या हाती काय राहते, हा त्यांचा निकष होता. येथे टॉरवाल्ड्स यांच्या बाजूचे पारडे जड मानावे लागते. आठ वर्षे अखंड मिळत आलेले संरक्षण कोणत्याही दस्तऐवजात लिहिलेले नसले, तरी व्यवहारात तो करारच झालेला असतो. वहिवाटीचा हक्क गावच्या न्यायातही मानला जाई.

त्सो यांच्याविषयी एक गोष्ट मात्र वादाच्या धुरळ्यात झाकली गेली. दोष प्रोग्रामांचा आहे असे सांगतानाच त्यांनी एक्स्ट४साठीचे उपायही तयार केले होते. पुसून पुन्हा लिहिलेली फाइल बंद होताना, किंवा नवी फाइल जुन्या नावावर आणली जाताना, तिला जागा ताबडतोब द्यायची, विलंब करायचा नाही. भाबडी आणि जाणती अशा दोन्ही रीती ओळखून एक्स्ट४ने स्वतःच सावध व्हायचे. जून २००९ मध्ये आलेल्या २.६.३० या कर्नलमध्ये हे बदल अधिकृतपणे समाविष्ट झाले. उबुंटू आणि फेडोराने ते त्याआधीच उचलले होते. ही सावधगिरी नको असेल तर ती बंद करण्याची सोयही ठेवली गेली.

ज्यांच्या फाइली त्याआधीच गेल्या होत्या, त्यांचे काय? शून्य बाइटच्या फाइलीत दुरुस्त करण्यासारखे काहीच नसते. बिघडलेले पोळे आणि रिकामी फाइल यांत हाच मोठा फरक आहे. पण जुन्या फाइलीचा मजकूर ज्या जागेवर होता, ती जागा केवळ ‘मोकळी’ म्हणून नोंदली गेलेली असते. डिस्कवर आणखी काही लिहिण्याचे तात्काळ थांबवले, तर सेटिंग्ज साध्या मजकुरात असल्याचा येथे लाभ होतो. एखादी नेमकी ओळ आठवत असेल, तर ‘ग्रेप’ ही शोधाची आज्ञा फाइलीऐवजी थेट सगळ्या विभाजनावर चालवून आसपासचा मजकूर बाहेर काढता येतो. हे काम तासन्‌तास चालते आणि यशाची हमी नसते. ईमॅक्ससारखे संपादक जुनी प्रत नावापुढे ‘~’ चिन्ह लावून ठेवतात. ज्यांनी हाताने सेटिंग्ज लिहिल्या होत्या, त्यांना कधी कधी ती शेपटीवाली प्रत तारून नेई.

वादाचा परिणाम डेस्कटॉपांवरही झाला. ग्नोमचा पाया असलेल्या जीलिब या संग्रहात त्याच वर्षी फाइल बदलून ठेवणाऱ्या फंक्शनला एफसिंकची जोड मिळाली. २०११च्या ग्नोम ३ सोबत ‘डीकॉन्फ’ आले. शेकडो एक्सएमएल फाइलींच्या जागी वापरकर्त्यामागे एक बंदिस्त द्विअंकी डेटाबेस. बदल झाला, की संपूर्ण नवी फाइल लिहायची आणि नाव बदलून जागेवर आणायची. ज्या लिनक्सवाल्यांनी वर्षानुवर्षे विंडोजच्या रजिस्ट्रीची टिंगल केली, त्यांच्या घरात तिची धाकटी बहीण नांदायला आली, असे खवचटपणे म्हणणारे तेव्हाही होते. नोटपॅडसारख्या साध्या संपादकात उघडून दुरुस्त करण्याची सोय मात्र या व्यवहारात गेली.

विंडोजच्या बाजूला व्हिस्टापासून ‘रेगबॅक’ नावाच्या फोल्डरात रजिस्ट्रीच्या प्रती आपोआप ठेवल्या जात. संगणक सुरू होईनासा झाला, की त्या जागेवर आणायच्या, हा दुरुस्तीचा हुकमी मार्ग होता. २०१८ मध्ये विंडोज १० ची १८०३ ही आवृत्ती आली, आणि त्यानंतर ज्यांनी अडचणीच्या वेळी तो फोल्डर उघडला त्यांना पाचही फाइली तेथे दिसल्या. नावे बरोबर होती. प्रत घेण्याचे ठरलेले काम यशस्वी झाल्याची नोंदही होती. प्रत्येक फाइलीचा आकार शून्य बाइट होता.

हा बिघाड नव्हता. डिस्कवरील जागा वाचवण्यासाठी हे मुद्दाम केले असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये स्पष्ट केले आणि सिस्टम रिस्टोअर वापरण्याचा सल्ला दिला. ज्यांना जुनी पद्धत हवी असेल, त्यांच्यासाठी ‘एनेबल पीरियॉडिक बॅकअप’ या नावाची एक नोंद आहे. तिची किंमत १ ठेवली, की प्रती पुन्हा घेतल्या जातात. ती नोंद रजिस्ट्रीतच करावी लागते. आणि त्या पाच फाइलींत वापरकर्त्याची एनटीयूझर.डॅट पूर्वीही कधी नव्हती. तिच्यासाठी शॅडो कॉपीतील जुनी आवृत्ती किंवा स्वतः अन्यत्र ठेवलेली प्रत, एवढाच आधार आजही आहे.